वरच्या तळ्यातलं पाऊल

फॅलोडीन, ससेक्स
१९ जून १९२१

अँब्रोज,

'प्रिय' लिहिणार होते, पण हात धजेना. बाबा गेले तेव्हा 'प्रिय अँब्रोज' लिहून तुला कळवलं होतं. त्याला दोन वर्षं होऊन गेली आणि तुझ्याकडून चार ओळीसुद्धा नाहीत. तेव्हा माझं ते जुनं 'प्रिय' तुझ्याकडे पडून असेल, तेच वापर.

तू म्हणशील, आता थर्झाला भावाची आठवण कशी झाली? तुझी नाही झाली. वरचं तळं आटायला लागलंय, म्हणून लिहितेय.

फेब्रुवारीपासून पाऊस असा नाहीच. गवत पिवळं पडलंय आणि टेकडीला जागोजागी टक्कल पडून खालचा पांढरा खडू उघडा झालाय. आपल्या टेकडीचं पोट तुला ठाऊक आहे, कितीही ओता, ढेकर म्हणून देणार नाही. खालच्या धनगरवाटेवरचं तळं मे महिन्यातच गेलं. उरलंय ते बाबांनी केलेलं, वरचं. त्यातही पाणी आता काठच्या गारगोट्या सोडून बरंच आत सरकलंय.

ॲकहर्स्टसाहेबांनी सांगून टाकलंय की नाताळाला तळ्यात मेंढ्यांपुरतं पाणी असलं तर वरचं कुरण राहील, नाही तर ते विकतील. ब्रायटनचा एक माणूस टपून बसलाय. त्याला तिथं शहरातल्या लोकांसाठी सुट्टीतली घरं बांधायचीत, लाकडाची, रंगीत, एकाला एक चिकटून. आपलं घर त्याच कुरणात आहे, हे तू विसरला नसशील. माझी काळजी करू नकोस, मी कुठंही राहीन. मी तळ्यासाठी लिहितेय.

कारण तळं तुझं आहे. बाबा शेवटपर्यंत त्याला 'अँब्रोजचं तळं' म्हणत. तू भांडून गेलास, त्यांनी तुझं नाव टाकलं, जेवताना कुणी काढलं तर ताटावरून उठायचे, पण तळ्याचं नाव काही बदललं नाही. कॅनडात राहून विसरला असशील म्हणून सांगते. तळं करताना खडूवर पसरलेली चिकणमाती तुडवून झाली की तळं करणाऱ्याच्या पोरानं अनवाणी एक पाऊल मधोमध उमटवायचं. ते पाऊल बुजवायचं नाही, त्याच्यावर चुना आणि गव्हाचं काड घालायचं, म्हणजे तळं त्या घराला धरून राहतं. आणि बाईनं ओल्या मातीवर पाय ठेवायचा नाही, ठेवला तर तळं गळतं. वरचं तळं केलं तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, मी चार. तुझं पाऊल आत गेलं आणि मला म्हणे गाडीत पोत्यांवर बसवून ठेवलं होतं.

म्हणून तुझ्या कानावर घातलं. बाकी तुझी मर्जी.

थर्झा


१० जुलै १९२१

अँब्रोज,

तुझ्या उत्तराची वाट बघत नाहीये. माझी पहिली चिठ्ठीसुद्धा अजून तिकडे पोचली नसेल. पण रविवारी दुपारी घरात बसून करायचं काय? चर्चमधून आले, थंड डुकराचं मांस आणि पाव खाल्ला, ताटली धुतली. एका ताटलीला धुवायला वेळ तो किती लागणार!

तळ्यात अजून पाणी आहे. कोणीतरी रोज संध्याकाळी दोन बादल्या वर नेऊन ओततं, म्हणून आहे. तळं भरण्याइतकं नाही, पण तळाची चिकणमाती ओली राहायला हवी, एवढंच. माती एकदा सुकली की तडकते, आणि तडकली की खालचा खडू एका रात्रीत सगळं पिऊन टाकतो. हे बाबांनी आपल्याला कितीदा सांगितलं असेल!

बरं, कोणीतरी म्हणजे मीच. तुझ्यापासून लपवून काय करू, तू काही गुडघ्याला लावायला तेल पाठवणार नाहीस. बाबांची ती कावड घेते, जिचा दांडा त्यांच्या खांद्याला घासून गुळगुळीत झाला होता. गावातल्या विहिरीवरून पाणी काढते आणि पांढऱ्या वाटेनं वर चढते. म्हातारा टपन मेंढ्या घेऊन वरच असतो. त्यानं पहिल्या दिवशी पाहिलं आणि म्हणाला, "पोरी, चाळणीत पाणी भरतेस." मी म्हटलं, टपनकाका, तुमच्या मेंढ्यांच्या तोंडाला जातंय, तुम्ही गप्प बसा. त्यावर हसला, पण दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेवर येऊन एक बादली घेतली. त्याचं कंबरडं माझ्या गुडघ्याहून वाईट आहे, तेव्हा मी ती परत हिसकावून घेतली.

नव्या मास्तरीणबाई मुलांना सांगतात, ही अख्खी टेकडी म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ, सगळा खडू म्हणजे बारीक बारीक शिंपल्यांचा चुरा. खिडकीत आपण वीज पडू नये म्हणून जे गारगोटीचे गोल दगड, 'मुकुट', मांडून ठेवतो, तेही म्हणे समुद्रातले जीव, दगड झालेले. असेल बाई. समुद्राच्या तळाशी राहून दोन बादल्या पाण्यासाठी जीव जातोय माझा.

त्या मुकुटांच्या ओळीत एक जागा रिकामी आहे. तू नेलास तो. मी लुइसच्या बाजाराला अंडी घेऊन गेले होते, येऊन बघते तर तुझी खोली मोकळी, बाबा चुलीकडे तोंड करून बसलेले, आणि खिडकीतला एक मुकुट नाही. दगडाला बरोबर घ्यायची आठवण झाली तुला. बहिणीला दारातून 'येतो' म्हणायची झाली नाही. भांडण तुझं आणि बाबांचं होतं, पाण्यासाठी तू विहीर आणि पवनचक्की म्हणत होतास, ते तळं म्हणत होते, मी त्यात कुठं होते? वीस वर्षं मी हेच विचारतेय. बाबांना विचारायची सोय नव्हती, म्हणून भिंतीला विचारते.

कधीकधी तीन-तीन दिवस कुणाशी बोलणं होत नाही. मग तळ्याच्या काठी बसून तळ्याशीच बोलते. टपननं ऐकलं असावं.

थर्झा


१४ ऑगस्ट १९२१

अँब्रोज,

तळं गेलं.

ॲकहर्स्टसाहेबांनी नवा कारभारी ठेवलाय, क्राउच नावाचा. माणूस वाईट नाही, पण खालच्या चिखलातल्या मुलखातला. त्याच्या मुलखात खड्डा खणला की आपोआप तळं होतं. खालचं सगळं पाणी संपलं म्हणून मंगळवारी त्यानं वीस-पंचवीस गोऱ्हे वर हाकलले. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. टपन पलीकडच्या उतारावर होता, मी घरी कपडे वाळत घालत होते. गोऱ्ह्यांचं हंबरणं ऐकून मी तशीच धावत गेले, तर ते गुडघ्यापर्यंत तळ्यात उभे.

मेंढीच्या खुरानं तळं घट्ट होतं आणि गुराच्या खुरानं फुटतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मी क्राउचला म्हटलं, काढा ते बाहेर. तो म्हणाला, बाई, जनावरं तहानलेली आहेत. जनावरं तहानलेली होतीच. मी दगड मारून हाकलायला लागले तशी ती बिचकली आणि आणखीनच नाचली.

बुधवारी सकाळी पाणी निम्मं. शुक्रवारी मधे ताटाएवढं डबकं उरलं, त्यात एक चंडोल चोच बुडवत होता. शनिवारी तेही नाही. मी कावड घेऊन गेले, दोन बादल्या ओतल्या, आणि त्या माझ्यासमोर खुरांच्या भोकांतून खाली गेल्या. पुन्हा पाणी घेऊन गेले नाही.

क्राउच संध्याकाळी टोपी हातात घेऊन दारात आला होता. त्याला खरंच माहीत नव्हतं, असं म्हणाला. मी चहा दिला. रागावण्याइतकंही अंगात काही उरलं नव्हतं.

मागे मी लिहिलं होतं की मी कुठंही राहीन. ते खोटं होतं. मला कुठं जायचं ते माहीत नाही.

थर्झा


४ सप्टेंबर १९२१

अँब्रोज,

तुझं पत्र मिळालं. वीस वर्षांनी चार वाक्यं! पोस्टमनला वाटलं कुणी मेलं की काय, तो दारातच थांबून राहिला.

"आटत असेल तर आटू दे. ते दिवस बाबांबरोबर गेले. घर सोड आणि इकडे ये, इथं एक खोली रिकामी आहे. आटलं की मधोमध मात्र बघ."

उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात. आटू दे! तू समुद्रापलीकडे बसून म्हणतोस आटू दे, आणि ते आटलंसुद्धा. तुझ्या मनासारखं झालं. माझं पत्र तुझ्या वाटेवर असेलच, वाचशील.

आणि मधोमध काय बघू? तुझं पाऊल? ते तुझं आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. लहानपणी तू मला काठावर उभी करून दाखवायचास, 'ते बघ, तिथं खाली मी आहे.' मी विचारायचे, मी कुठंय? तू नुसता हसायचास. तेव्हाही डिवचत होतास, आत्ताही डिवचतोस. सत्तेचाळीस वर्षांचा झालास रे, आता तरी पुरे कर.

तुझी खोली तुझ्यापाशीच ठेव. तू लिहिलंस हे मात्र बरं केलंस. अक्षर बाबांसारखं झालंय तुझं.

थर्झा


९ ऑक्टोबर १९२१

दादा,

हे पत्र नीट बसून वाच.

क्राउचनं मागच्या आठवड्यात येऊन विचारलं, तळं पुन्हा करता येतं का? त्याचं मन त्याला खात होतं. त्यानं आपणहून गाडीभर चिकणमाती आणून टाकायचं कबूल केलं. टपन म्हणाला, येईल, पण आधी जुनं उघडून किती फुटलंय ते बघावं लागेल. म्हणून सोमवारी आम्ही वर गेलो. वरचा खडूचा चुरा फावड्यानं ओढला. खाली काड कुजून काळा जाड थर झाला होता, तो गुंडाळत आणला. कडेनं सगळीकडे खुरांची भोकं. टपन वाकून वाकून दमला, तेव्हा मधली जागा मी हातानंच साफ करायला बसले. चुन्याचा पापुद्रा सोलला.

तुझं पाऊल होतं. अंगठा बाहेर वळलेला, कुठंही ओळखलं असतं. आणि त्याच्या शेजारी, अगदी त्याला लागून, दुसरं एक होतं. माझ्या तळहाताएवढं. पाची बोटं स्पष्ट, करंगळीचं तर नुसतं वाटाण्याएवढं टिंब.

मी विचारलं, "टपनकाका, हे कुणाचं?"

त्यानं मेंढ्यांकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "तुझं, पोरी. आणखी कुणाचं असणार?"

त्यानं सगळं सांगितलं. तू मधोमध उभा होतास, बाबा काडाच्या पेंढ्या आणायला उतारावरच्या दुसऱ्या गाडीकडे गेले. मी पोत्यांवर बसून रडत होते की मलापण, मलापण. तू पळत आलास, मला खांद्यावर घेतलंस, त्याच वाटेनं आत गेलास आणि तुझ्या पावलाशेजारी मला एका पायावर उभी केलीस. मग उचलून परत पोत्यांवर. बाबा यायच्या आत तू स्वतः वर चुना फासलास. टपन तेव्हा बाविशीचा, काठावर मेंढ्या घेऊन उभा होता. तू त्याला म्हणालास म्हणे की बोललास तर तुझ्या सगळ्या मेंढ्यांच्या घंटा काढून विहिरीत टाकीन. बाबांना कळलं असतं तर त्यांनी अख्खं तळं उकरून पुन्हा केलं असतं, आणि तुझी पाठ सोलली असती. म्हणून तो कुणाला बोलला नाही. घंटांची भीती इतकी वर्षं टिकली त्याला.

मी तिथंच मातीत बसून रडले. लाजबीज काही वाटली नाही. टपन पाठ करून पाइप भरत राहिला.

मी काय काय समजत होते, दादा! मला वाटायचं या घरात दोनच माणसं होती, तू आणि बाबा, आणि मी स्वयंपाक करत होते. तू गेलास तेव्हा वाटलं, मी कुणाच्या हिशेबात असते तर दारात थांबला असता. तुझ्या हसण्याचा अर्थ आता कळला. 'मी कुठंय' विचारत होते आणि तू मला सांगू शकत नव्हतास. नंतर मोठेपणी तरी सांगायचंस. बाबा गेल्यावर तरी. पण आपल्या घरात बोलायची पद्धतच कुठं होती.

आणि गंमत बघ. बाईचं पाऊल पडलं की तळं गळतं म्हणे! माझं पाऊल इतकी वर्षं तळाशी होतं आणि थेंब गळला नाही. गळलं ते क्राउचच्या गोऱ्ह्यांनी.

आता अडचण सांगते. दोन पावलांच्या मधूनच एक तडा गेलाय, पार खडूपर्यंत. टपन म्हणतो, मधला सगळा भाग खोदून, नव्या मातीत मिसळून, पुन्हा तुडवायला हवा. तेवढं सोडून बाजूनं केलं तर पाणी धरणार नाही. मी म्हटलं, मग राहू दे. तो म्हणाला, राहू दे तर राहू दे, पण मग नाताळानंतर ब्रायटनवाला इथं लाकडी घर बांधेल आणि त्याच्या खांबाचा खड्डा बरोबर इथंच येईल.

मी ओलं पोतं टाकून दोन्ही पावलं झाकून ठेवलीत. रोज जाऊन पोत्यावर पाणी मारते. पोतं उचलते, बघते, परत टाकते. क्राउचची माती काठावर येऊन पडलीय.

तुला विचारून उत्तर यायला नोव्हेंबर उजाडेल, आणि मग थंडीनं जमीन गोठायला लागली की माती तुडवता येत नाही. तेव्हा विचारत नाहीये. नुसतं सांगतेय. असं सांगायला दुसरं कुणी नाही मला.

थर्झा


११ डिसेंबर १९२१

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं नाही. येईल तेव्हा येईल.

मी तुडवलं. तुझं पाऊल आणि माझं, दोन्ही. तुझं पत्र वाटेत असेल आणि त्यात 'नको' लिहिलं असेल तर मला माफ कर, पण पावलं जपून घर घालवलं असतं तर त्या पावलांना भेटायला मी कुठून आले असते? त्याहून खरं सांगू? ते पाऊल तू मला दाखवायला ठेवलं नव्हतंस. पाणी धरायला ठेवलं होतंस. हे कळायला मला बरेच दिवस लागले.

टपननं खोदलं, क्राउचनं माती कालवली, आणि मी बूट-मोजे काढले. टपन एकदा खाकरला, म्हणाला, "रीत नाही, पोरी." मी म्हटलं, रीत मोडून झालीय, टपनकाका, तुम्हीच साक्षीला होतात. तसा तो आपले बूट काढून बाजूनं तुडवायला लागला. कडेकडेनं टपन, त्याच्या आत क्राउच, मधे मी. क्राउच सारखा घसरत होता आणि टपन त्याला तुमच्या मुलखात चालायला शिकवत नाहीत का असं विचारत होता. मी कितीतरी दिवसांनी मोठ्यांदा हसले. माती इतकी गार होती की घोट्यापासून खाली पाय आहेत की नाहीत ते कळेना. संध्याकाळी चुलीशी बसून चोळत बसले, तरी दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला नाही.

शेवटी मधोमध पाऊल ठेवायची वेळ आली. घरात पोर नाही, मुलगा नाही, मीच. मी डावं ठेवलं. मग टपननं विचारलं, झालं का, चुना आणू? मी म्हटलं थांबा, आणि त्याच्या शेजारी उजवं ठेवलं. तो म्हणाला, एकच ठेवतात. मी म्हटलं, आमच्या तळ्यात दोन असतात.

नोव्हेंबरच्या शेवटी थोडा पाऊस झाला. त्याहून जास्त काम समुद्रावरून येणाऱ्या धुक्यानं केलं. रोज सकाळी गवत भिजून जायचं आणि पाणी बोट-बोट चढायचं. काल ॲकहर्स्टसाहेब आले, काठी बुडवून बघितली, पुन्हा दुसरीकडे बुडवून बघितली. मग क्राउचला म्हणाले, ब्रायटनच्या त्या माणसाला नाही म्हणून कळवून टाक. मला बघून टोपीला हात लावून गेले. दुपारी टपननं मेंढ्या आणल्या आणि सगळा कळप काठाभोवती गोल करून प्यायला.

तेव्हा मी येत नाही, दादा. खोली ठेवलीस, त्याचं बरं वाटलं. रात्री घर तसंच मोठं वाटतं, ताटली अजून एकच धुते, त्याला काही इलाज नाही. तू ये असंही म्हणत नाही. तुझं तिकडे काय आहे, कोण आहे, हे मी वीस वर्षांत विचारलंसुद्धा नाही, तर ये म्हणायचा मला काय हक्क? तेवढं मात्र लिही. बायको आहे का, मुलं आहेत का, तो मुकुट अजून आहे का. चार वाक्यं पुरतील.

आणि कधी इकडे यायचं मनात आलंच, तर काठावर उभा राहा, मी दाखवीन. डावं माझं आहे. उजवं तुझं म्हणून ठेवलंय.

तुझी,
थर्झा